तू बसलीस की गाडी मिसिंग मारायची

आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गाडीचं. दुपारची बाराची वेळ. तू ड्रायव्हरच्या सीटवर, पाय रेसवर, आणि मी बॉनेटमध्ये डोकं घालून. गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली लावली होती, पण पत्राच एवढा तापलेला की सावलीचा उपयोग नव्हता. मी एकेका प्लगची टोपी ओढायची आणि तू सांगायचं, आवाज पडला का. चार सिलिंडर, चार प्लग. टोपी ओढल्यावर इंजन ढासळलं तर तो प्लग काम करतोय. टोपी ओढूनही इंजन होतं तसंच चाललं, तर तो चोर. एवढंच गणित आहे ते. चौथी शिकलेल्या माणसाला पण येतं.

मी विचारायचो, एक? तू म्हणायचीस, पडला. दोन? पडला. तीन, चार, सगळे पडले. म्हणजे सगळे चांगले. पुन्हा पहिल्यापासून. दोन नंबरचा प्लग काढून तीनला लावला, तीनचा दोनला. वायरी बदलल्या. इंजन शिवणयंत्रासारखं चालत होतं. मिसिंग म्हणजे ठिणगी मधेच चुकते, इंजन अडखळतं. ज्या दिवशी ते पाहिजे त्या दिवशी नेमकं मिळत नाही.

तू म्हणालीस, बास करा आता, डोकं गरगरतंय. मी म्हणालो, दोनच मिनिटं. काचा खाली होत्या, पण वारं कुठं होतं. तू पंख्याच्या बटणाला हात घातलास तसा मी बॉनेटातूनच ओरडलो, पंखा लावू नको, मला इंजन ऐकू येत न्हाय. तू हात मागं घेतलास. त्यानंतर अर्धा तास तरी तू तशीच बसून होतीस. उतरलीस तेव्हा दाराला धरून जरा उभी राहिलीस. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या असतील.

दिवे लागायच्या आत तू गेली होतीस.

हे मी लिहितोय ते मला लिहिता येतं म्हणून नाही. बोलायला समोर कोणी नाही म्हणून लिहितोय. आपल्या मंगलनं तिच्या पोराची अर्धी कोरी राहिलेली वही दिली. म्हणाली, तात्या, मनात येईल ते लिहा, हलकं वाटेल. वाटत नाही. पण तुला काही सांगायचं आहे, आणि ते खरं तर सगळ्यांच्या आधी तुलाच सांगायला पाहिजे होतं.

दिवाळीच्या सुमाराला गाडी मिसिंग मारायला लागली. चालत्या गाडीत काही नाही. स्लोला आली की, गतिरोधकावर, गर्दीत, कुणासाठी थांबलं की थरथरायला लागायची. पार सीट हलायची. मग आपोआप बरी. ते पहिल्यांदा तुझ्याच ध्यानात आलं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. तुझे कान माझ्यापेक्षा चांगले. मी वडापची, प्रवासी भरून न्यायची जीप चालवायचो तेव्हा कॅनॉलच्या वळणावरनं जीप वळली की तू तवा टाकायचीस. त्या रस्त्यानं तशा पाच-सहा जीपा जायच्या, पण तुझी भाकरी कधी चुकली नाही. एकदा तू चुलीपुढनंच म्हणालीस, आज पट्टा किरकिरतोय, जाऊ नका. मी हसून गेलो आणि इंदापूरच्या अलीकडं चौदा माणसं रस्त्यावर उतरवून दिली. पट्टा तुटला होता. तेव्हाही मी घरी येऊन तू सांगितलं होतंस असं म्हणालो नाही. जुना झाला होता, म्हणालो.

तर दिवाळीला तू म्हणालीस, "आवं, मी बसले की गाडी थरथरती. तुमी एकटं असला की न्हाय थरथरत."

मी म्हणालो, तुझं वजन वाढलंय, इंजनाला झेपत न्हाय.

तू हसलीस. पण तू ते धरून ठेवलंस. चार महिने तू तेच म्हणत राहिलीस आणि चार महिने मी तेच उत्तर देत राहिलो. डिझेलच्या जीपवर उभा जन्म काढलेला माणूस, त्याला एका बाईनं सांगावं की मी बसल्यावर इंजन बिघडतं? इंजनाला काय डोळे असतात? इंजनाला हवा, तेल आणि ठिणगी. डाव्या बाजूला कोण बसलंय ते इंजनाला कळत नाही.

इंदापूरला सलीमच्या गॅरेजला गेलो ते तुला आठवत असेल. तू डाव्या सीटवरच बसून होतीस. त्यानं मशीन लावलं. मशीनवर मिसिंग आलं, पण कुठल्या सिलिंडरला ते धड सांगेना. कधी एक म्हणायचं, कधी तीन. सलीम म्हणाला, "तात्या, कधी मारती ते तुमी सांगा, का मारती ते मी सांगतो. त्या वक्ताला गाडीत काय काय चालू असतं?"

मी म्हणालो, ते माहीत असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो.

तू खिडकीतनं डोकं बाहेर काढून म्हणालीस, "भाऊ, मी बसले की मारती."

सलीमनं आरसी बुकात बघितलं. गाडी तुझ्या नावावर. म्हणाला, "बरोबर हाय की वहिनी. मालकीण बसली की गाडी भिती." तिघंही हसलो. मी जास्त हसलो. मग तो म्हणाला, वायरिंग सगळं बघावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा. मी म्हणालो, ठेवायची न्हाय. माझी गाडी दुसऱ्यानं उघडायची आणि मी एसटीनं घरी जायचं, हे मला जमणारं नव्हतं. परत येताना निमगावच्या चौकात गाडी परत थरथरली. मी ताबडतोब पंखा बंद केला, कान लावला. थरथर गेली. मी शिवी दिली. म्हणालो, बघ, ऐकायला गेलं की पळती.

 थोड्या वेळानं पंखा परत लावलास, हळूच, एकावर.

एसी आपल्या गाडीचा आपण घेतली तेव्हापासूनच मेलेला. नुसता पंखा. त्या पंख्यावरनं आपलं किती वाजलं. पौषातल्या थंडीत, माझ्या डोक्याला मफलर आणि तू पंखा चारवर. मी म्हणायचो, येडी का खुळी तू. तू म्हणायचीस, कोंदल्यासारखं होतंय. मी म्हणायचो, मग काच खाली घे. काच खाली घेऊनही तुला पंखा लागायचा. मला वाटलं, म्हातारपणी बायकांना एकेक खोड लागते, तुला पंख्याची लागली.

आता त्या दिवशीचं. चार वाजता तू म्हणालीस, छातीत भरून आलंय, पित्त असंल. ओवा खाल्लास. पाचला पुन्हा म्हणालीस. मी म्हणालो, चल, बारामतीला दाखवून येऊ. ऊन उतरलं होतं. तू लुगडं बदललंस, चपला घातल्यास, चालत गाडीत बसलीस. म्हणून मला घाई वाटली नाही. मी तुला सांगतो, मी सावकाशच गाडी चालवत होतो, इंजन ऐकत.

जंक्शन गावच्या चौकात उसाच्या ट्रॉल्या आडव्या झाल्या होत्या. एकीच्या हुकची पिन निघालेली. वाहनं तुंबलेली. आपण थांबलो आणि गाडी थरथरायला लागली. एवढी जोरात कधीच थरथरली नव्हती. मी खूश झालो. खरं सांगतो, खूश झालो. चार महिन्यांत पहिल्यांदा धड सापडलं होतं. मी पंखा बंद केला आणि कान खाली नेला. तू काहीतरी बोलायला लागलीस. मी म्हणालो, "गप जरा, ऐकू दे."

तू गप बसलीस.

थरथर गेली होती. मी पुन्हा शिवी दिली. ट्रॉली बाजूला झाली, मागनं हॉर्न वाजायला लागले, मी गाडी काढली. लासुर्णं ओलांडल्यावर मी म्हणालो, उद्या कॉइल बदलून बघतो. तू हां की हूं केलं नाहीस. तेव्हा मी बघितलं.

दवाखान्यात तुला आत नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिनं जे सांगायचं ते सांगितलं. मग हातातला कागद बघून तिनं विचारलं, "आजोबा, याआधी त्यांना दम लागत होता का? पाय सुजत होते? झोपताना उशा जास्त लागत होत्या?"

मी म्हणालो, न्हाय. कायसुदिक न्हाय. सकाळी भाकऱ्या थापल्या तिनं.

तिनं लिहून घेतलं.

तिथनं पुढं सगळ्यांना मी तेच सांगितलं. तुझ्या भावाला सांगितलं. मंगल कळसहून आली ती अंगणातच खाली बसली आणि मला धरून विचारायला लागली, तात्या, आईला आधी काय होत होतं का? संक्रांतीपासनं मी आले न्हाय, फोनवर नुसतंच बरी हाय बरी हाय म्हणायची. मी म्हणालो, काय नव्हतं गं. एकाएकी झालं. तिनं ते दहा दिवसांत चार-पाच वेळा विचारलं आणि दर वेळी मी तेच सांगितलं. ऐकलं की ती जरा शांत व्हायची. दहाव्याला नीरा नदीवर कावळा लगेच शिवला. बाया म्हणाल्या, बाईचं काही मागं राहिलं नाही, हातपाय चालते असताना गेली, पुण्यवान. एकाएकी गेली, सुटली. तेच बोलणं घरोघर झालं. मलाही ते ऐकायला बरं वाटायला लागलं होतं. तुला त्रास झाला नाही, एवढं एकच माझ्याकडं उरलं होतं.

तेराव्यानंतर सगळे आपापल्या घरी गेले. मला घरात बसवेना, म्हणून मी गाडी काढून हिंडत राहिलो. एक दिवस इंदापूर, एक दिवस सोमेश्वरनगर, तिथं कुणी ओळखीचं नाही म्हणून. कुठंही थांबायचो, गाडी स्लोला ठेवून ऐकायचो. मिसिंग नाही. दहा वेळा थांबलो, पंधरा वेळा थांबलो. इंजन नव्यासारखं. तू गेलीस आणि बिघाडही गेला.

तुझं ते वाक्य मग डोक्यातनं जाईना. मी बसले की थरथरते. म्हटलं, बघू तर खरं. सरकी पेंडीचं पोतं उचलून तुझ्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि गावाला फेरी मारली. शेजारचा बापू म्हणाला, तात्या, पोत्याला कुठं नेताय? मी म्हणालो, फिरवून आणतो. पोरं हसली. गाडी थरथरली नाही. दुसरं पोतं मागं टाकलं. तरी नाही. म्हणजे वजनाचं नव्हतं.

पोती उतरवली आणि गोठ्यापुढं गाडी चालू ठेवून मी जरा बसलो. तुझ्या बाजूला बसलो. त्या सीटवर मी कधी बसलोच नव्हतो बघ. आपली गाडी, पण त्या बाजूनं कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. समोरची जाळी, जिच्यातनं वारं येतं, ती तू पूर्ण तोंडाकडं वळवून ठेवली होतीस, वर उचलून. माझ्या बाजूची जाळी बंदच. पंख्याच्या बटणावरचे आकडे बघितले. एक, दोन, तीन स्वच्छ दिसत होते. चारचा आकडा पुसला होता. बोटानं.

पेंडीचा भुसा उडाला होता, गुदमरल्यासारखं झालं, म्हणून मी बटण फिरवलं. चारवर.

गाडी थरथरायला लागली.

बंद केलं. थरथर गेली. लावलं, आली. बंद केलं, गेली. मी ते किती वेळा केलं सांगता येत नाही. मग उतरून बॅटरीपाशी गेलो. तिथनं बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर असते, करंट परत नेणारी. तिच्या बोल्टाला हिरवं-पांढरं बुरशीसारखं चढलं होतं, वायर नुसती टेकून उभी. एकटं इंजन चाललं तर तिला झेपायचं. वर पंखा चारवर लावला की ठिणगीला करंट पुरायचा नाही. दिवे लावले असते तरी हेच झालं असतं, पण अंधारात मला दिसत नाही म्हणून वर्षभर मी दिवे लावायची वेळ येऊ दिली नव्हती. दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपर. बोल्ट घासला, आवळला. पंखा चारवर लावून बघितला. इंजन हललं नाही. दहा मिनिटांचं काम.

तू बरोबर होतीस. तू बसलीस की गाडी मिसिंग मारायची, कारण तू बसलीस की पंखा लागायचा. आणि मिसिंग ऐकायला मी दर वेळी पहिल्यांदा काय करायचो, तर पंखा बंद करायचो. ज्यानं बिघाड दिसत होता तेच मी बंद करायचो आणि मग बिघाड शोधायचो.

पाना हातात होता आणि पुढचं डोक्यात आलं. गाडीचं कळलं. मग पंखा का लागायचा?

तेव्हा एकेक दिसायला लागलं. पाण्याच्या पंपावरनं घरी येताना तू वाटेत दोनदा आंब्याखाली बसायचीस. मी म्हणायचो, आळशी झालीस. कळसला मंगलच्या घरी जिना न चढता खालीच बसून राहिलीस, म्हणालीस, गुडघा दुखतोय. तुझा गुडघा कधी दुखला नाही, माझा दुखतो. थंडीत तू माझी उशी पण घेतलीस. मी बिनउशीचा झोपलो, भांडलो, आणि सकाळी विसरलो. माझं सगळं लक्ष स्लोला थरथरणाऱ्या इंजनावर. तू रोज शेजारी बसून मला दाखवत होतीस, बटणावर बोट ठेवून, आणि मी तुझं बोट काढत होतो.

तू सांगितलं का नाहीस, हे भांडण मी तुझ्याशी घालणार होतो. रात्रभर घातलं. मग आठवलं, कोंदल्यासारखं होतंय असं तू म्हणाली होतीस. त्याहून सरळ कसं सांगतात माणसं?

सकाळी उठलो, अंघोळ केली आणि बारामतीला गेलो. दवाखान्यात नंबर लावून बसलो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, काय न्हाय, डॉक्टरीणबाईला भेटायचंय. त्यानं छातीत दुखणं असं लिहिलं, लिहू दे म्हटलं.

तिनं मला ओळखलं नाही. कशी ओळखेल, रोज किती येतात. मी तुझं नाव सांगितलं. तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, "तुमी मला विचारलं होतं, आधी दम लागत होता का. मी न्हाय म्हणालो. ते खोटं हाय. लागत होता. दिवाळीपासनं."

ती म्हणाली, आजोबा, आता मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं तरी उशीर झाला होता.

मी विचारलं, "आणि दिवाळीला आणली असती तर?"

 ती माझ्याकडं बघत होती, की हा म्हातारा ऐकू शकेल का. मग म्हणाली, "तपासण्या झाल्या असत्या. गोळ्या असतात यावर. वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही. पण वेळ मिळाला असता. बऱ्याच जणांना मिळतो."

मी बरं म्हणालो. खोटं बोलली नाही, त्याबद्दल मी तिचे उपकार मानतो. मी म्हणालो, तुमच्या कागदावर न्हाय लिहिलंय, तितं व्हय लिहा. ती म्हणाली, तो कागद आता रेकॉर्डला गेला, बदलता येत नाही. मी म्हणालो, मग दुसऱ्यावर लिहा. तिनं मला समजवायचा प्रयत्न केला, बाहेरच्या माणसांची कुजबुज सुरू झाली, तरी मी उठलो नाही. शेवटी तिनं गोळ्या लिहितात तो कोरा कागद ओढला. इंग्रजीत सुरू केलं. मी म्हणालो, मराठीत, मला वाचता आलं पाहिजे. तिनं तुझं नाव लिहिलं आणि खाली एक ओळ लिहिली. मी अक्षर लावून लावून वाचली. चार महिने धाप लागत होती. खाली मी तिची सही घेतली.

तिथनं घरी आलो नाही. सरळ कळसला गेलो. मंगल दारात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिच्या तोंडावर जरा हसू आलं, म्हणाली, तात्या, भर दुपारी? कागद तिच्या हातात दिला. तोंडानं सांगायला गेलो असतो तर माझ्याकडनं परत एकाएकी असंच निघालं असतं.

तिनं वाचला. हात ओले होते, शाई फुटली. पुन्हा वाचला.

"कुणी सांगितलं हे?"

"मीच सांगितलं," मी म्हणालो. "मला म्हायती असायला पाहिजे होतं."

 मंगल बादली तिथंच ठेवून आत गेली. दार लावलं नाही, आणि आत या असंही म्हणाली नाही. राहिलेलं धुणं मी वाळत घातलं आणि बसून राहिलो.